दसऱ्याच्या साफसफाईत घरातल्या वस्तूंचे फोटो कसे काढून ठेवायचे

26 जुलै 2005 ला आम्ही नौपाड्यात तळमजल्यावर राहत होतो. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि इकडे ठाण्यातही आभाळ फाटलं होतं. वंदना टॉकीजच्या बाजूने पाणी आलं ते संध्याकाळपर्यंत आमच्या हॉलमध्ये मांडीएवढं चढलं. सासूबाईंना वरच्या मजल्यावर नेलं, मेन स्विच पाडला, गॅस बंद केला, देव्हाऱ्यातले देव पदरात घेतले आणि बाकी सगळं जिथल्या तिथे सोडून रात्र शेजाऱ्यांकडे काढली.

घराचा विमा होता. पण सर्व्हेअर येईपर्यंत आम्ही घर धुऊन काढलं होतं, भिजलेलं सामान कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं. ते सज्जन गृहस्थ म्हणाले, "वहिनी, काय काय गेलं त्याची एक यादी करून द्या." मी वही घेऊन बसले आणि चौदा वस्तूंवर अडले. शिलाई मशीनची मोटर आठवली ती गौरींसाठी ब्लाऊज शिवायला काढला तेव्हा. नव्या कोऱ्या तीन रजया आठवल्या त्या थेट डिसेंबरात, थंडी पडल्यावर. तोवर दावा केव्हाच निकाली निघाला होता.

एकच वस्तू वाचली म्हणायची, ती सासऱ्यांची वाजवायची पेटी. म्हणजे पेटी गेलीच, पण तिचे पैसे मिळाले. बिल कुठलं असणार? ती त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली. पण जाऊबाईंच्या अल्बममध्ये 2005 च्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फोटो निघाला. मध्ये जाऊबाई वाण देताहेत, आणि त्यांच्या खांद्यामागे भिंतीशी पेटी. तिच्यावरचं भरतकामाचं आच्छादन अर्धं सरकलेलं, सात-आठ पांढऱ्या पट्ट्या अगदी मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. सर्व्हेअरांनी तो फोटो फाईलला लावला.

तेव्हापासून मी घराचे फोटो काढून ठेवते. आधी साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर, आता फोनवर. दिवस ठरलेला आहे: नवरात्र बसायच्या आधी साफसफाई काढतो, तेव्हा. माळ्यावरचं खाली येतं, पलंगाच्या बॉक्समधलं बाहेर येतं, ट्रॉल्या रिकाम्या होतात. फोटो काढायला वर्षात याहून चांगला दिवस नाही, कारण एरवी कपाटाचं दार उघडून आतलं सगळं कोण बाहेर मांडणार?

सुरुवात बाहेरच्या दारापासून करा. नावाची पाटी, दार, लॅच, सेफ्टी डोअर. मग प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभं राहून चार फोटो. एका कोपऱ्यातून काढलेल्या फोटोत त्या कोपऱ्याचीच भिंत येत नाही, म्हणून चार. सकाळी दहा-अकराला, पडदे सारून काढा. खिडकीकडे पाठ असली की खोली उजळ येते. फोनच्या कॅमेऱ्याची काच आधी मऊ सुती कापडाने पुसून घ्या. स्वयंपाकघरात वावरलेल्या फोनवर तेलाचा हात हमखास लागलेला असतो, आणि मग सगळे फोटो धुरकट येतात.

याच्या जोडीला एक व्हिडिओ करा. मी दारातून सुरू करते आणि चालता चालता बोलते: "हा हॉल. हा टीव्ही 2019 ला दिवाळीत गोखले रोडवरून घेतला. हा सोफा, याला मागच्या वर्षी नवीन कापड लावलं." घाई करायची नाही, फोन सावकाश फिरवायचा. आमच्या दोन खोल्या आणि हॉलला बारा मिनिटं लागतात. बोलण्याचा फायदा असा की वस्तू कधी, कुठून आणि साधारण कितीला घेतली हे तिच्या चित्राबरोबरच राहतं.

आता कपाटं. लोक इथेच कंटाळतात, आणि माझ्या मते खरा माल इथेच असतो. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन कुणालाही आठवतात. आठवत नाहीत त्या साड्या, चादरी, पुस्तकं, मुलांच्या बॅडमिंटनच्या रॅकेटी, स्टीलची भांडी. एकेका कप्प्याचा दार उघडून एक फोटो, मग आतल्या वस्तू पलंगावर पसरून दुसरा. माझ्या चार पैठण्या आणि दोन नारायणपेठी मी पदर उघडून, काठ दिसेल अशा ठेवते. घडीतली साडी फोटोत कुठलीही वाटू शकते.

भांड्यांचं मात्र आपल्याकडे फार चांगलं आहे. लग्नात आलेल्या तांब्या-पातेल्यांवर नाव, तारीख आणि कुणाकडून आलं ते कोरलेलं असतं. त्या कोरलेल्या नावाचा जवळून फोटो घ्या. चोरीचा माल पोलिसांना सापडला तर आपली वस्तू ओळखून दाखवावी लागते, आणि त्या वेळी असं कोरलेलं नाव फार उपयोगी पडतं. चमकत्या स्टीलवर फ्लॅश मारला तर अक्षरं पांढरी पडतात. फ्लॅश बंद करा आणि बाजूने, अगदी भांड्याला टेकवून, दुसऱ्या फोनची टॉर्च धरा. कोरीव भागात सावली पडते आणि अक्षर न् अक्षर उठून दिसतं.

विजेच्या वस्तूंचे सिरीयल नंबर घ्यायचे याच पद्धतीने. फ्रिजचं स्टिकर बहुधा आत, भाजीच्या ट्रेजवळच्या बाजूच्या भिंतीवर असतं. वॉशिंग मशीनचं दाराच्या कडेला किंवा मागे, टीव्हीचं मागे, लॅपटॉपचं पोटाखाली. एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी खिडकीतून वाकू नका. सर्व्हिसिंगला माणूस येतो तेव्हा त्यालाच सांगा, तो फोटो काढून देतो. फोटो काढल्यावर लगेच मोठा करून वाचा. 8 की बी, 0 की ओ असा गोंधळ तिथेच सोडवता येतो, नंतर नाही. मोबाईलचा आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख नंबर, *#06# दाबलं की पडद्यावर येतो. तो दुसऱ्या फोनवरून टिपून घ्या. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो ब्लॉक करायला हाच नंबर लागतो.

दागिन्यांना वेळ द्या. मी काळ्या मखमली कापडावर एकेक दागिना ठेवते, शेजारी मुलाची जुनी पट्टी, म्हणजे आकार कळतो. समोरून, मागून आणि अडकवायच्या आकड्याजवळून असे तीन फोटो. एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यांवर एचयूआयडी हा सहा अक्षरी-आकडी ओळख नंबर असल्याशिवाय विक्री करता येत नाही, त्यामुळे बहुतेक नव्या दागिन्यांवर तो असतो. डोळ्यांनी दिसणार नाही इतका बारीक असतो. भिंग फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून फोटो काढला की वाचता येतो, आणि बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपवर टाकून खरा आहे का तेही बघता येतं. आईच्या पाटल्यांवर, सासूबाईंच्या मोहनमाळेवर असं काही नसणार. त्यांचं वजन आणि खुणा टिपायच्या. माझ्या ठुशीचा एक मणी बदललेला आहे, त्याचा पिवळा जरा वेगळा दिसतो. तो मणी मी मुद्दाम जवळून घेतला आहे. शिवाय तो दागिना अंगावर असलेला लग्ना-मुंजीतला एखादा फोटोही सोबत ठेवा, त्याने दागिना तुमचा आहे हे दिसतं.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचे असतील तर घरातून नेण्याआधीच फोटो काढा. लॉकरमध्ये काय आहे याची नोंद बँक ठेवत नाही. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी 1 जानेवारी 2022 पासून लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत धरली आहे, त्यामुळे आत नेमकं काय होतं हे आपल्यापाशी असलेलं बरं. आणि दागिन्यांचे हे फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही टाकू नका. कुणाचा फोन कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

बिलांचं एक सांगते. दुकानात मिळणारं गुळगुळीत कागदाचं बिल उष्णतेवर छापलेलं असतं, आणि ठाण्याच्या हवेत वर्ष-दोन वर्षांत ते कोरं होतं. आमच्या मिक्सरची वॉरंटी पाच वर्षांची होती आणि बिल तिसऱ्या वर्षी पांढराशुभ्र कागद. आता वस्तू घरी आली की खोकं फोडायच्या आधी बिलाचा फोटो.

घर म्हणजे सामानच नव्हे, भिंतीसुद्धा. मेअखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आधी, छत आणि खिडक्यांच्या चौकटींचे फोटो काढा. मग ऑगस्टात पुन्हा त्याच जागेवरून. ओल आली असेल तर डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहा आणि फोटो घ्या. पंधरा दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला की वरच्या मजल्यावरच्यांशी भांडावं लागत नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन फोटो दाखवले की बोलणं पुढे सरकतं.

बाथरूम फोडून नवं करत असाल तर प्लास्टर चढायच्या आधी एक दिवस कामगारांना थांबवा. भिंतीतले पाइप आणि वायरिंगच्या नळ्या उघड्या असतात. मोजायची टेप भिंतीला लावून, आकडे दिसतील असे फोटो घ्या: जमिनीपासून इतके इंच, कोपऱ्यापासून इतके. माझ्या भावाने डोंबिवलीच्या घरी टॉवेलचा रॉड लावताना ड्रिल सरळ गरम पाण्याच्या पाइपमध्ये घातलं. नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या. त्याच्याकडे असा फोटो असता तर रॉड चार इंच डावीकडे गेला असता.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर माझी कळकळीची विनंती आहे. आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा आम्ही कोलशेतला भाड्याने राहिलो. किल्ली हातात आल्यावर सामान चढवायच्या आधी मी रिकाम्या घराचे साठेक फोटो काढले: ओट्याच्या ग्रॅनाइटला गेलेली केसाएवढी चीर, बाथरूमच्या दाराचा फुगलेला खालचा भाग, विजेच्या मीटरवरचा आकडा. ते त्याच संध्याकाळी मालकांना ईमेल केले, एका ओळीसह: "आज ताबा घेताना घराची स्थिती." घर सोडताना ग्रॅनाइटच्या चिरेसाठी डिपॉझिटमधून अठरा हजार कापायची गोष्ट निघाली. मी तो ईमेल पुन्हा पाठवला. पैसे पूर्ण परत आले, आणि आवाज चढवायची वेळ आली नाही.

फोटो काढून झाल्यावर ते ठेवायचे कुठे, हे अर्धं काम आहे. फोन घरात, लॅपटॉप घरात, आणि घरातच पाणी शिरलं, तर काय? मी तीन ठिकाणी ठेवते: गुगल ड्राइव्हवर, घरच्या लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर. गुगलची फुकट जागा 15 जीबी आहे, आणि ती ईमेल धरून, त्यामुळे व्हिडिओ जरा कमी दर्जाचा ठेवला तरी चालतो. फोटो मात्र मूळचेच ठेवा. कापू नका, उजळू नका. फोटो काढला ती तारीख आणि वेळ फोन त्या फाईलमध्येच लिहून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की तो आकसतो आणि ही माहिती पुसली जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोल्डरला वर्ष आणि खोलीचं नाव द्या, म्हणजे "2024 स्वयंपाकघर" असं. सोबत एक दोनशे पानी वही आहे: वस्तू, साल, किंमत, दुकान, नंबर. वहीच्या पानांचेही फोटो काढून त्याच फोल्डरात टाकते.

विम्याबद्दल इतकंच, की पॉलिसी एकदा स्वतः वाचा. 1 एप्रिल 2021 पासून भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, असं संरक्षण आपोआप मिळतं. सामान त्याहून जास्तीचं असेल तर त्याची यादी द्यावी लागते. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. यादी करायला बसाल तेव्हा हे फोटो समोर असले की तासाभरात काम होतं.

आणि खरंच पाणी शिरलं, आग लागली, तर आधी झाडू हातात घेऊ नका. आम्ही तेच केलं होतं. वीज बंद आहे याची खात्री करून भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो घ्या, शेजारी टेप धरून, जमिनीपासून उंची दिसेल असा. मग प्रत्येक खोली दुरून, मग वस्तू जिथे पडली आहे तिथेच जवळून. फ्रिजचा तोच नंबरचा स्टिकर, आता चिखल लागलेला, पुन्हा टिपा. विमा कंपनीला लगेच कळवा, पंचनामा होत असेल तर आपलं घर त्यात आलं का ते बघा, आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही फेकू नका. कुजणारं ठेवणं शक्यच नसेल तर फेकायच्या आधी फोटो.

आमचा पेन ड्राइव्ह डोंबिवलीला भावाकडे असतो. नवरात्राआधी फोटो होतात, दिवाळीपर्यंत वही पुरी होते, आणि भाऊबीजेला ओवाळून झालं की मी नवा पेन ड्राइव्ह त्याच्या हातात ठेवते. तो कपाटातून जुना काढून देतो, त्याच्या घराचे फोटो भरून.