पृथ्वीच्या अंतरंगाची आकृती काढताय? या चुका टाळा

पृथ्वीचं अंतरंग काढायला सांगितलं की वहीत चार गोल येतात, चारही पट्टे जवळपास सारख्याच जाडीचे. सगळ्यांत बाहेरचं भूकवच तपकिरी, त्याखालचं प्रावरण लालभडक, आत बाह्यगाभा आणि मधोमध अंतर्गाभा. वर्षानुवर्षं वह्या तपासताना मला दिसत आलंय, की पुढचे बरेच गैरसमज या आकृतीतूनच निघतात. म्हणून आधी तीच दुरुस्त करा. कंपासमध्ये ६.४ सेंटिमीटर अंतर घ्या. एक मिलिमीटर म्हणजे १०० किलोमीटर. त्याच केंद्रातून गाभ्यासाठी ३.५ आणि अंतर्गाभ्यासाठी १.२ सेंटिमीटर. आता भूकवच? खंडांखाली ते सरासरी ३५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे टोकदार पेन्सिलीची बाहेरची रेघ, बस. त्यात रंग भरायला जागाच नाही.

प्रावरणाचा लाल रंगही बाजूला ठेवा. ‘प्रावरण म्हणजे लाव्हा आणि त्यावर भूपट्ट तरंगतात’ ही सगळ्यांत चिवट चूक. (भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कडक बाहेरच्या थराचे सरकणारे प्रचंड तुकडे.) प्रावरण घन खडकाचं आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. त्या प्रावरणातून मात्र खुशाल जातात आणि २,९०० किलोमीटरवर, बाह्यगाभ्यापाशी अडतात. द्रव आहे तो तिथे: वितळलेलं लोखंड आणि निकेल. प्रावरणाचा खडक इतका तापलेला आणि दाबाखाली असतो, की घन असूनही लाखो वर्षांत हळूहळू वाहतो.

भूपट्ट म्हणजे नुसतं भूकवच, असंही लिहू नका. त्याला खालून चिकटलेला प्रावरणाचा कडक थरही त्यातच येतो. आपल्या आकृतीत तो सगळा मिळून साधारण एक मिलिमीटर.

आणखी एक चूक: लोणार सरोवराचा खड्डा हे ज्वालामुखीचं मुख नव्हे. तिथला बेसाल्ट खडक ज्वालामुखीचा, पण खड्डा उल्कापाताचा.

आणि ‘भूकंप फक्त भूपट्टांच्या सीमेवर होतात’ हे तर महाराष्ट्रातल्या मुलाने लिहूच नये. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी सीमेपासून कितीतरी दूर, भूपट्टाच्या आत आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेला युरेशियन भूपट्टावर रेटला जातोय, त्याचा ताण आतल्या जुन्या कमकुवत भेगांवरही येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीजवळ अशीच एक भेग सरकली आणि भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखवलेला होता.