लघवी सुटण्याचा त्रास आहे? डॉक्टरकडे जायच्या आधी एवढी तयारी करा

शिंक आली की थोडी सुटते, नाहीतर लागली की बाथरूमपर्यंत जायचाही दम निघत नाही, आणि आपल्या घरच्या बायका हे वर्षानुवर्षं कोणाले सांगत नाहीत, वय झालं म्हणून सोडून देतात. नुसतं वय झालं म्हणून असं होत नसते, मागे काहीतरी कारण असते आणि बरेचदा ते सापडते. म्हणून आपल्या नागपुरात मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या, मेयो हॉस्पिटलला न्या, की धंतोलीतल्या एखाद्या प्रायव्हेट डॉक्टरकडे, पण नक्की न्या.

सगळ्यात कामाची म्हणजे तीन दिवसांची वही. बाथरूममध्ये मापाचा प्लास्टिकचा मग ठेवा, किती वाजता झाली, किती एमएल झाली, कधी सुटली आणि तेव्हा काय चालू होतं, खोकला आला, बादली उचलली की नुसता नळाचा आवाज ऐकला, सगळं लिहा, रात्री किती वेळा उठावं लागलं अन् चहा-पाणी किती झालं तेपण. हसता-खोकताना सुटत असेल तर बाळंतपणामुळे किंवा पाळी गेल्यावर खालचे स्नायू ढिले पडलेले असू शकतात, एकदम जोरात लागून थांबतच नसेल तर लघवीची पिशवी भरायच्या आधीच आवळत असते, आणि बाबांची धार बारीक होऊन दिवसभर थेंब थेंब गळत असेल तर प्रोस्टेट (पुरुषांमधली पिशवीखालची ग्रंथी) वाढून पिशवी पूर्ण रिकामी होत नसेल.

गोळ्यांची पाकिटंच सोबत घ्या, तोंडी नावं चुकतात. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, सर्दीच्या काही गोळ्यांनी उलट ती अडते, पण आपल्या मनानं काही बंद करू नका बापा. शुगरचे रिपोर्ट, जुनी ऑपरेशनं, पॅरालिसिस किंवा मणक्याचा त्रास, आणि हो, पोट साफ होत नसेल तर तेही सांगा, आतडं भरलेलं असलं की पिशवीवर दाब येतो.

पाणी तोडू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन् लोक बाहेर जायचं म्हणून सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीत, मग लघवी गडद होते, पिशवी आणखी चिडते, इन्फेक्शनची भीती वेगळीच. कमी करायचंच तर चहा-कॉफी कमी करा.

तपासणीसाठी पहिली धार सोडून मधली बाटलीत घ्यायची. सोनोग्राफीला पिशवी भरून बसायला सांगतात, मग लघवी करून आल्यावर किती उरली तेही बघतात. आईला तेवढा वेळ धरवणार नाही हे काउंटरवर आधीच सांगा, पॅड लावा, एक जास्तीची साडी ठेवा.

लघवीत रक्त दिसलं किंवा थंडी वाजून ताप आला तर वही पूर्ण व्हायची वाट बघू नका, लगेच दाखवा, आणि लघवी पूर्ण अडली किंवा अचानक पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली तर सरळ कॅज्युअल्टी गाठा.

खालच्या स्नायूंचा व्यायाम सांगितला तर नेमका कोणता स्नायू आवळायचा ते तिथेच नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणी श्वास रोखून पोटच आवळतात, आणि फरक दिसायला रोज करूनही तीनेक महिने लागतात.