पक दिसत नाही, हा रोग नव्हे: आइस हॉकी टीव्हीवर दाखवताना या चुका टाळा

टोरांटोत मी खेळांच्या प्रक्षेपणाचं ग्राफिक्स करतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा प्रेक्षक वाढवायला नवा कोणी आला की पहिल्याच मीटिंगला तेच: "पक दिसतच नाही, चमकवू या!" (पक म्हणजे बर्फावर चेंडूऐवजी घसरणारा काळा, चपटा रबरी तुकडा.) अरे बाबा, झालंय ते करून. १९९६ च्या ऑल-स्टार सामन्यात फॉक्स वाहिनीने पक कापून आत सर्किट आणि बॅटरी बसवली. पडद्यावर पकाभोवती निळं वलय, जोरदार फटका बसला की मागे लाल शेपूट. जुने प्रेक्षक वैतागले आणि १९९८ नंतर ते बंद झालं. चमकणाऱ्या पकाच्या मागे नवख्याची नजर धावते. पास घ्यायला कोण मोकळा होतोय, ते राहूनच जातं.

आमच्याकडे एकाने तर खेळाडूंच्या डोक्यांवर नावांच्या पट्ट्या तरंगवल्या. चाचणी? "थेट सामन्यातच बघू की!" दुसऱ्या पिरियडमध्ये गोलजाळीसमोर झुंबड उडाली, पाच पट्ट्या एकमेकींवर चढल्या आणि गोल नेमका त्यांच्याखाली झाला. जाळीमागचा लाल दिवा लागला तेव्हा आम्हाला कळलं. रात्रभर फोन मात्र माझा वाजला.

तेव्हापासून साताऱ्याहून सासूबाई आल्या की आवाज बंद करून त्यांना सामना दाखवतो. पक कुठे गेला, हे त्या विचारतच नाहीत. विचारतात, "पंच हात वर करून नुसतेच काय फिरतायत? खेळ का नाही थांबवत?" हात वर म्हणजे चूक पकडलीय; चूक करणाऱ्या संघाच्या ताब्यात पक आला की मग खेळ थांबतो. एवढी एक ओळ मी पडद्यावर टाकतो, बाकीची सजावट काढतो.

आडबाजूच्या चॅनलवर खेळ विकू नका. २००४-०५ चा अख्खा हंगाम संघमालकांनी खेळाडूंवर लादलेल्या टाळेबंदीत बुडाला आणि त्यानंतर अमेरिकेत हॉकी आउटडोअर लाइफ नेटवर्कवर गेली, शिकार-मासेमारीच्या पंगतीला. शोधणार कोण?

मारामारीच्या क्लिपा दाखवून प्रेक्षक ओढू नका: क्लिप बघणारा क्लिपच बघतो, सामना नाही.

आणि इंग्रजी समालोचनाचं शब्दशः भाषांतर करू नका. कॅनडात २००८ पासून पंजाबीत हॉकी ऐकू येते. तिथे समालोचक हरनारायण सिंग पकाला 'टिक्की' म्हणतात. आलू टिक्की खाल्लेल्या माणसाला आकार वेगळा सांगावा लागत नाही. मराठीत कधी झालंच तर कृपा करून 'चकती' म्हणू नका. सासूबाई त्याला 'काळा कंदी पेढा' म्हणतात. माझं मत त्यांना.