स्कीची धार आणि वॅक्स: कॅलगरीत नव्याने येणाऱ्या खान्देशकरांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून नोकरी-शिक्षणासाठी येणाऱ्या आपल्या मंडळींनी पहिल्या हिवाळ्यात जुनी स्की किंवा स्नोबोर्ड विकत घेण्यात काहीच गैर नाही. मात्र त्यांची निगा घरी राखता आली, तरच तो व्यवहार स्वस्तात पडतो.

स्कीचा तळ पॉलिथिलीनचा आणि कडा पोलादी असतात. कडेच्या तळाकडील बाजूला साधारण अर्धा ते एक अंशाचा उतार दिलेला असतो, त्याला घरी हात लावू नये, कारण तो एकदा जास्त घासला गेला की संपूर्ण तळ यंत्रावर घासून घेतल्याशिवाय पूर्ववत होत नाही. धार लावायची ती बाहेरच्या बाजूला, आणि तीही बहुधा २ किंवा ३ अंशांच्या गाइडमध्ये (कानशीचा कोन पक्का धरून ठेवणाऱ्या साच्यात) बसवलेल्या कानशीनेच. हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. तेव्हा दगडावर आपटलेल्या जागी पोलाद इतके कडक होते की कानस नुसती घसरते, म्हणून तेवढा भाग आधी ओल्या डायमंड स्टोनने (हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या घासणीने) साफ करावा. गावाकडे विळ्याला धार लावताना आपण जोर देतो, तसा येथे देऊ नये. टोकाकडून शेपटीकडे हलक्या हाताने दोन-तीन वेळा कानस फिरवणे पुरते. नंतर नखाची पाठ कडेवर आडवी ओढून पाहावी: नखाचा बारीक कीस निघाला, तर धार ठीक आहे.

कडेलगतचा तळ कोरडा, पांढुरका दिसू लागला की वॅक्सची, म्हणजे तळ नीट घसरावा म्हणून लावायच्या मेणाची, वेळ झाली असे समजावे. येथे थंडी उणे २० अंशांच्याही खाली जाते आणि तेव्हा बर्फाचे कण टोकदार असतात, त्यामुळे पाकिटावरील तापमान पाहून कडक वॅक्स निवडावे. स्कीचे ब्रेक (बूट निघाल्यावर स्की घसरत जाऊ नये म्हणून असलेले दांडे) रबराने मागे बांधून, तळ पुसून, इस्त्रीवर वितळवलेले वॅक्स तळावर थेंबाथेंबाने सोडावे आणि ते पसरवताना इस्त्री सतत सरकती ठेवावी. धूर निघाला तर ती जास्त तापली आहे. कपड्यांच्या इस्त्रीचे तापमान सारखे वरखाली होते, म्हणून वॅक्सची इस्त्री वेगळी घेणे मला योग्य वाटते. स्की पूर्ण गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने वॅक्स खरवडून ब्रश फिरवावा. महागाचे वॅक्स खरवडून टाकताना आपल्या काटकसरी मनाला वाईट वाटते खरे, पण वर राहिलेला थर स्कीचा वेग कमीच करतो. हा कीस जमिनीवर भयंकर घसरतो, तेव्हा भाड्याच्या घरात खाली जुनी चादर अंथरावी.

बाइंडिंग (बूट स्कीला अडकवून ठेवणारा भाग) किती जोरावर सुटावे, हे मात्र दुकानातील प्रशिक्षित माणसाकडूनच ठरवून घ्यावे.

डोंगरावरून परतल्यावर कडा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. ओली स्की गाडीत रात्रभर राहिली, तरी गंज चढतो. मे महिन्यात लग्नसराईसाठी गावी निघण्यापूर्वी तळावर आणि कडांवर वॅक्सचा जाड थर द्यावा, तो न खरवडता स्की कोरड्या जागी ठेवावी आणि पुढच्या हंगामातच तो काढावा.