गुडघा मुरगळला तर पहिले तीन दिवस काय करावं, काय टाळावं

मराठवाड्यात गुडघा मुरगळायला फार मोठं निमित्त लागत नाही. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय सरकतो. पावसाळ्यात काळ्या रानात पाऊल रुतून बसतं आणि अंग तेवढं वळतं. कबड्डीत चढाई करून परतताना कुणी घोटा धरतो. पाऊल जागच्या जागी आणि शरीर फिरलेलं, अशा वेळी सगळा पीळ गुडघ्यावर येतो. यातली बरीच दुखणी ऑपरेशनशिवाय बरी होतात, फक्त पहिल्या दोन-तीन दिवसांत गुडघ्याला त्रास द्यायचा नाही. आपल्याकडं नेमकं त्याच दिवसांत चोळणं आणि शेकणं सुरू होतं.

आधी ओळखा

मांडीचं आणि पायाचं हाड चार मुख्य लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या चिवट पट्ट्या, धरून ठेवतात. दोन बाजूंना असतात, दोन सांध्याच्या आत एकमेकींना छेदून जातात. मुरगळणं म्हणजे यांपैकी एखादी ताणली किंवा तुटली. चऱ्हाटाचे काही पदर ताणावेत, काही तुटावेत किंवा सगळंच तुटावं, तसे याचे तीन प्रकार. पूर्ण तुटलेली लिगामेंट कधी कधी अर्धवट तुटलेलीपेक्षा कमी दुखते, म्हणून ‘फार दुखत नाही, म्हणजे काही नाही’ असं धरून चालू नका.

दुखण्यापेक्षा जास्त सांगते ती सूज कधी आली ही गोष्ट. पडल्यावर दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला, तर सांध्याच्या आत रक्त साचल्याची शक्यता मोठी. त्यात पडताना आतून ‘कट्’ असा आवाज आला असेल, तर आतली पुढची लिगामेंट तुटली असण्याचा संशय घ्यावा. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू चढली तर इजा बहुधा हलकी असते, नाहीतर गादीची, म्हणजे दोन हाडांच्या मधल्या कुर्चेच्या चकतीची असते. गुडघा मध्येच अडकतो, पूर्ण सरळच होत नाही, हे गादी फाटल्याचं लक्षण. आतल्या बाजूला बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर बहुतेक वेळा बाजूची लिगामेंट ताणलेली असते. ही सूज किती वाजता आली ते लक्षात ठेवा, डॉक्टरांना ते सांगता आलं पाहिजे.

थांबू नका, दवाखाना गाठा

आधाराशिवाय चार पावलं टाकता येत नाहीत, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नाही, वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली असलेल्या हाडाच्या टोकावर दाबलं की सहन होत नाही, किंवा वय पंचावन्न किंवा त्यापुढं आहे, यातलं एकही असलं तर एक्स-रे काढून घ्या. गुडघा वाकडा दिसतोय, पाऊल गार पडलंय, निळसर किंवा बधिर झालंय, तर 108 ला फोन करा. तिथं रक्तवाहिनी दबलेली असू शकते आणि एकेक तास मोलाचा असतो. मोठी तपासणी लागली तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, त्यामुळं ‘हाड मोडलं नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका.

पहिले तीन दिवस

काम तिथंच थांबवा. बर्फ पंच्यात गुंडाळून दर दोन-तीन तासांनी पंधरा-वीस मिनिटं ठेवा, थेट कातडीवर कधीच नाही. ऊसतोडीच्या थळावर किंवा कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, फ्रिज नसतो हे खरं. अशा वेळी जवळच्या रसवंतीवरून बर्फाचा तुकडा आणा, तोही नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेला टॉवेल चालतो, फक्त तो वरचेवर बदलावा लागतो. क्रेप बँडेज पोटरीपासून वर मांडीकडं गुंडाळा. एक बोट आत जाईल इतकंच घट्ट असू द्या आणि झोपताना सोडा. आडवं होऊन पायाखाली दोन-तीन गोधड्या अशा ठेवा की गुडघा छातीपेक्षा वर राहील.

आता टाळायच्या गोष्टी. तापल्या विटेचा शेक नको, गरम पाणी नको, तेल लावून चोळणं नको. ताज्या इजेत यानं रक्त आणि सूज वाढते. बिब्बा तर अजिबात लावू नका. त्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, त्यात पू होऊ शकतो आणि ऑपरेशन लागलंच तर फोड बरे होईपर्यंत ते पुढं ढकलावं लागतं. ‘बसवून घ्यायला’ नेऊन गुडघा झटक्यानं ओढवून घेणंही तितकंच धोक्याचं. बसवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तुटलेली लिगामेंट ओढल्यानं जुळत नाही.

दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची एक गोळी सहा तासांच्या अंतरानं पुरते. यकृताचा आजार असेल तर तीही विचारूनच. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अल्सर, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दुखणं थांबवायची सुई घेऊन त्याच दिवशी पुन्हा उसाच्या फडात उतरणं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण कळ झाकली जाते आणि ताणलेली लिगामेंट तुटायला वाट मोकळी होते. उचलीचं, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाचं ओझं डोक्यावर असलेल्याला ‘आराम कर’ म्हणणं सोपं नाही हे कळतं. म्हणून मुकादमाला दवाखान्याची चिठ्ठी दाखवा, निदान मोळी वाहण्याचं काम थोडे दिवस दुसऱ्याकडं द्या.

सूज उतरू लागली की

पाय सरळ ठेवून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या आणि ती खाली दाबा. पाच अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. यानं मांडीचा स्नायू जागा राहतो, तो ढिला पडला तर गुडघा पुन्हा दगा देतो. मग टाच जमिनीवरून सरकवत गुडघा सोसेल तितका वाकवा.

हलकी इजा साधारण एक ते तीन आठवड्यांत आटोक्यात येते, मधली चार ते सहा आठवडे घेते. आठवड्याभरात काहीच फरक नसेल किंवा चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ताप येऊन गुडघा लालभडक आणि गरम झाला, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी.

मैदानावर किंवा मोळी घेऊन फळीवर जाण्याआधी दोन्ही गुडघे सारखे वाकतात का, दुखऱ्या एका पायावर अर्धा मिनिट उभं राहता येतं का आणि पळता पळता वळताना कळ येते का, हे पाहा. कळ आली तर आणखी आठवडाभर थांबा आणि पुन्हा तपासा.