नादारीची वकिली करू इच्छिणाऱ्या नव्या वकिलांसाठी

हप्ते थकलेला पगारदार, सावकाराच्या व्याजात अडकलेला दुकानदार, मित्रासाठी पतसंस्थेत जामीन राहून स्वतःच गोत्यात आलेला शिक्षक, अशा नादारांची, म्हणजे कर्ज फेडणे आवाक्याबाहेर गेलेल्या माणसांची, बाजू मांडणे ही अमेरिकेत वकिलीची स्वतंत्र शाखा आहे. आपल्याकडे ती तशी वाढली नाही, याचे मोठे कारण कायद्यातच आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग असला, तरी तो १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अमलात आला. इतरांसाठी मुंबई शहरात १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा नादारी कायदाच चालतो. त्यामुळे या कामात उतरणाऱ्याने एकाच कायद्यावर विसंबून राहू नये. वसुलीचे चार-पाच कायदे आणि त्यांतील मुदती तोंडपाठ असाव्या लागतात.

शिक्षणाचा मार्ग इतर वकिलांसारखाच आहे: बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यासाठी राज्याची सीईटी, मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेसाठी खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांहून अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ठरवून दिले आहे. ज्युनिअरशिप मात्र विचारपूर्वक निवडावी. माझे मत असे की, पुढे कर्जदारांची कामे करायची असली तरी पहिले वर्षभर बँकेची वसुलीची कामे पाहणाऱ्या वरिष्ठांकडे बसावे. नोटीस कशी निघते, खातेउतारा कसा तयार होतो आणि चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर राहते, हे त्या बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही.

या वकिलीचा पाया पहिल्या भेटीत घातला जातो. पक्षकार बहुधा एका पिशवीत सगळे कागद कोंबून आणतो आणि त्यांतली निम्मी पाकिटे त्याने भीतीपोटी फोडलेलीच नसतात. ती त्याच्यासमोर एकेक करून फोडावीत, नोटिशीवरची तारीख आणि पाकिटावरच्या टपाल शिक्क्याची तारीख अशा दोन्ही वेगवेगळ्या लिहाव्यात आणि पाकीट नोटिशीलाच टाचून ठेवावे, कारण अनेक मुदती नोटीस हाती पडल्याच्या दिवसापासून मोजल्या जातात. त्यानंतर कर्जांची यादी करावी. गृहकर्ज आणि क्रेडिट कार्ड माणूस लगेच सांगतो. सोनेतारण, भिशी, नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने आणि दुसऱ्यासाठी केलेली जामीनकी मात्र खोदून विचारावी लागते. लाजेपोटी दडवलेली रक्कम पुढे सर्वांत महागात पडते. माझ्या सुरुवातीच्या काळातील एका पक्षकाराने नादारीचा अर्ज करण्याच्या दोनच महिने आधी पत्नीचे दागिने विकून मेहुण्याचे हातउसने फेडले होते आणि ते मला सांगितले नव्हते. समोरच्या वकिलांनी पासबुकावरून ती नोंद काढली. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एखाद्याच धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, झुकते माप देण्यासाठी केलेली अशी फेड १९२० च्या कायद्याच्या कलम ५४ खाली रद्द ठरू शकते. ती ठरली, मेहुण्याला पैसे रिसीव्हरकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडे, भरावे लागले आणि ज्या नात्यासाठी दागिने विकले ते नातेही तुटले. तेव्हापासून गेल्या वर्षभराचा खातेउतारा पाहिल्याशिवाय मी अर्जाचा मसुदा हाती घेत नाही.

यादी झाली की प्रत्येक धनकोपुढे त्याचा कायदा लिहावा. न्यायालयात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची मुभा बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखालची नोटीस असेल तर कर्जदाराला ६० दिवस मिळतात; त्या काळात लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर द्यायचे असते आणि ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणात जाता येते. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. सहकारी बँकांना मात्र तो वापरता येतो, हे मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये स्पष्ट केले. पतसंस्थेची वाट निराळी आहे. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा आदेश, घेते आणि त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षणात जायचे तर वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखला निघण्यापूर्वीच निबंधकांसमोर हजर राहून लेखी म्हणणे देणे हेच पक्षकाराच्या हिताचे असते, आणि जामीनदारांच्या बाबतीत तर हे दहादा बजावून सांगावे. धनादेश न वटल्याचे प्रकरण फौजदारी असते; मागणीची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली नाही तर खटल्याचा मार्ग मोकळा होतो आणि नादारीचा अर्ज तो खटला थांबवत नाही.

खासगी सावकाराच्या बाबतीत प्रथम परवाना विचारावा. विनापरवाना सावकारीची तक्रार २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, आणि बळकावलेली जमीन परत मिळवून देण्याचे अधिकारही त्यांना आहेत. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही हा दामदुपटीचा जुना नियम हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मानलेला आहे. तोही तपासून पाहावा. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, हा इतिहास या वकिलाला ठाऊक असलाच पाहिजे.

नादारीचा अर्ज हा शेवटचा उपाय आहे. कर्ज ५०० रुपयांहून कमी नसावे ही १९२० च्या कायद्यातील अट आज नावापुरतीच उरली आहे. खरा प्रश्न लाभ किती, हा असतो. नादार ठरवल्यानंतर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, पण भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे अशा जप्तीमुक्त वस्तू राहतात, आणि न्यायालयाने संरक्षण दिल्यास नादारीत दाखवलेल्या कर्जांसाठी अटक टळते. गहाणदार धनकोचा हक्क मात्र अबाधित राहतो. घर गहाण असलेल्या पक्षकाराला 'अर्जाने घर वाचेल' असे कधीही सांगू नये. त्याच्यासाठी तडजोड, एकरकमी परतफेड किंवा लोकअदालत हे मार्ग आधी चाचपावेत.

शुल्क सुरुवातीसच, हप्त्यांत आणि लेखी ठरवावे. कर्जमाफ झालेल्या रकमेत वाटा मागणे बार कौन्सिलच्या नियमांविरुद्ध आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेत उत्पन्न असलेले लोक १९८७ च्या कायद्याने मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत. पक्षकार त्यात बसत असेल तर त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे. वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी किंवा सायंकाळी ७ नंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. तोही पहिल्याच दिवशी सांगावा, कारण त्या एका वाक्याने घरातली निम्मी धास्ती उतरलेली मी अनेकदा पाहिली आहे.

नादारीचा आदेश हाती आला की पक्षकार सुटल्यासारखा घरी जातो, परंतु तो आदेश देतानाच न्यायालयाने कर्जांतून मुक्ततेच्या अर्जासाठी मुदत घालून दिलेली असते आणि ती चुकली तर १९२० च्या कायद्याच्या कलम ४३ खाली नादारीच रद्द होते. त्या मुदतीची तारीख आदेश मिळाल्याच्या दिवशीच आपल्या डायरीत नोंदवावी आणि तिच्या एक महिना आधी पक्षकाराला स्वतः फोन करून बोलावून घ्यावे.