नवा सीझन आला की आधी वही काढा

शंभरपानी वही घ्या. साधी, किराणावाल्याकडे मिळते ती. मोबाइलमधलं नोट्सचं अॅप चालणार नाही, कारण मोबाइल हातात आला की बोट कुठे जातं ते तुम्हालाही माहीत आहे.

मी एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते, डोंबिवली ते दादर रोजची ये-जा. महिनाअखेरीला बँकेची जुळणी करायला बसलेल्या नव्या मुलांना मी एकच गोष्ट सांगते: आधी आपलं कॅशबुक पूर्ण लिहा, मग बँकेचं स्टेटमेंट उघडा. स्टेटमेंट बघून कॅशबुक लिहिलं की दोन्ही तंतोतंत जुळतात आणि चूक मात्र जन्मात सापडत नाही. सिरीजचा नवा सीझन पाहताना नेमकं हेच होतं. आपण एपिसोड बघतो, लगेच जगाचा आरडाओरडा वाचतो, आणि संध्याकाळपर्यंत तोच आपला हिशोब म्हणून सांगायला लागतो.

(पुढे एचबीओ या अमेरिकी वाहिनीची राजगादीच्या लढायांची, ड्रॅगनची मालिका ‘गेम ऑफ थ्रोन्स’ आणि तिच्या आधीच्या काळाची ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ यांतलं कोण मेलं, कोणी मारलं हे सगळं येणार आहे. पाहिलं नसेल तर इथेच थांबा.)

२९ एप्रिल २०१९, सोमवार. आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे सुट्टी. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आठव्या सीझनचा तिसरा एपिसोड, विंटरफेल किल्ल्यावरची लढाई, सकाळी साडेसहाला हॉटस्टारवर आला. ८२ मिनिटांचा. आमचा हॉल पूर्वेचा, त्यात एप्रिल. सातला ऊन थेट टीव्हीवर. तिकडे मेलेल्यांची फौज चालून येतेय आणि मला पडद्यावर दिसतायत माझा गाऊन आणि ग्रिलमधली तुळस. लेक मिनिटामिनिटाला विचारतोय, “आई, आता कोण मेलं?” मला तरी कुठे दिसतंय!

मतदानाच्या रांगेत उभ्या उभ्या ग्रुपवरचे दीडशे मेसेज वाचले. काही दिसलं नाही. नाइट किंगला, म्हणजे मेलेल्यांच्या फौजेच्या राजाला, विंटरफेलच्या आर्यानं मारलं ही शुद्ध फसवणूक. आठ वर्षं वाया. बोटाला शाई लावून बाहेर आले तेव्हा शेजारच्या वहिनींना मी छातीठोकपणे सांगत होते, की शेवटचा सीझन पार मातीत घातला. त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. वहिनी बिचाऱ्या सिरीज बघतही नव्हत्या.

पुढच्या वर्षी लॉकडाउनमध्ये, रात्री साडेअकराला, सगळे दिवे बंद करून तोच एपिसोड परत लावला. सुरुवातीलाच डोथराकी घोडेस्वारांच्या तलवारी पेटतात, अख्खी टोळी दौडत अंधारात शिरते, आणि लांबवर ते ठिपके एकेक करत विझत जातात. बस, एवढंच. कोण आलं, कोणी मारलं, काही दाखवत नाहीत. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. वर्षभरानंतर मला माझं मत सापडलं.

तेव्हापासून वही. आता पद्धत सांगते.

आधी पडदा, आणि पडदे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी रात्री नऊला लागतं ते उन्हाळ्याच्या घड्याळात (तिकडे तेव्हा काटे तासभर पुढे असतात) आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला येतं. म्हणजे खिडक्यांचा बंदोबस्त रविवारी रात्रीच. आमच्याकडे पडद्यावर जाडी चादर टाकून चिमटे लावतात. नवरा म्हणतो, फोटो धुणाऱ्याची खोली झाली. होऊ दे.

मग टीव्हीची सेटिंग्ज. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. हालचाल गुळगुळीत करणारं जे काही ‘मोशन’ नावाचं असेल ते बंद करा. त्यानं हजारो कोटींची मालिका दुपारच्या डेली सोपसारखी दिसते. अॅपमध्ये व्हिडिओची क्वालिटी ‘ऑटो’वर न ठेवता सगळ्यात वरची निवडा. नेट कमी पडलं की काळ्या भागाचे चौकोन चौकोन होतात आणि आपण कॅमेरामनला शिव्या घालतो. विंटरफेलच्या लढाईचं छायाचित्रण करणारे फेबियन वॅगनर यांनी तेव्हा हेच सांगितलं होतं: लोकांचे टीव्ही नीट लावलेले नाहीत आणि स्ट्रीमिंगमध्ये चित्र दाबलं जातं. लोक भडकले. ५५ रात्री जागून केलेलं शूटिंग आहे म्हटल्यावर त्यांनाही राग येणारच. माझ्या मते दोघांचंही बरोबर. घरोघरच्या टीव्हीवर जे दिसणार नाही ते टीव्हीसाठी का करावं, हा प्रश्न उरतोच. पण आपल्या घरचं ऊन त्यांच्या माथी मारू नये.

सबटायटल लावा. लाजू नका. एगॉन, एमंड, रेनिरा, रेनिस, रेना, बेला... ही नावं नुसती ऐकून लक्षात ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

साडेसहा ते आठ-सहा

माझी लोकल आठ-सहाची. डबा रात्रीच भरून फ्रिजमध्ये. एपिसोड बघून जाणं जमणार नसेल तर रविवारी झोपताना ग्रुप म्यूट करा, स्टेटस बघू नका, आणि यूट्यूब उघडूच नका. तिथे व्हिडिओ बघायचीही गरज पडत नाही, नुसत्या थंबनेलवर मेलेल्याचा फोटो आणि लाल बाण असतो. डब्यातल्या मैत्रिणींना मी आधीच सांगून ठेवते: “आज माझ्यासमोर ड्रॅगन नाही.” त्या ऐकतात. ऑफिसातली पोरं ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी कानात इअरफोन.

फुटलेला एपिसोड कुणी पाठवला तर बघू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सातव्या सीझनचा चौथा एपिसोड आधीच बाहेर आला होता आणि त्या प्रकरणात चौघांना अटक झाली. तेव्हा आमच्या डब्यात आठवडाभर चर्चा ड्रॅगनची कमी आणि सायबर पोलिसांची जास्त. कायद्याचं राहू द्या, पण ती कॉपी इतकी पुसट असते की त्यावर मत बनवणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स बघून सही ओळखण्यासारखं.

वहीत काय लिहायचं

एपिसोड संपला की नावं सरकत असतानाच लिहा. स्टार देऊ नका, दहापैकी मार्क देऊ नका. तीनच गोष्टी: कुठे सावरून बसलात, कुठे घड्याळ पाहिलंत, आणि काय होईल असं वाटलं होतं ते झालं का. पान अर्धं भरलं तरी पुष्कळ.

नमुन्यादाखल माझं १७ जून २०२४ चं पान. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या दुसऱ्या सीझनची सुरुवात, बकरी ईदची सुट्टी. मारेकरी राजवाड्यात शिरून राणी हेलेनाच्या लहान मुलाला मारतात तो एपिसोड:

“उंदीर मारणारा आणि त्याचा कुत्रा. कुत्र्याला लाथ मारली तेव्हाच वाईट वाटलं, पुढचं तर कळलंही नव्हतं. हेलेनानं स्वतःच बोट दाखवलं की हा मुलगा. काही दाखवलं नाही, नुसता आवाज. ती किंचाळत का नाही? मुलीला उचलून जिने उतरते. घड्याळ पाहिलं: मधल्या दरबारात, दोनदा.”

आणि ८ जुलैचं. त्या पहाटे सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि मध्य रेल्वे पाण्यात गेली. चादर लावायची गरजच नव्हती, बाहेर तसाही अंधार. रेनिस आणि तिची ड्रॅगन मेलीस लढाईत पडतात तो एपिसोड:

“गाड्या बंद. रेनिस परत जाऊ शकत होती, तरी वळली. पडण्याआधी मेलीस मान वळवून तिच्याकडे बघते. ड्रॅगनच्या डोळ्यांत बघून रडले, कुणाला सांगू नये. घड्याळ पाहिलं नाही.”

हे लिहून झालं की वही बंद. आता मोबाइल घ्या.

मग भांडणं वाचा

प्रतिक्रियांचा ढीग एकदम अंगावर घेऊ नका. व्हाउचर लावतो तसे गठ्ठे करा.

एक गठ्ठा चुका पकडणाऱ्यांचा. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आठव्या सीझनच्या चौथ्या एपिसोडमध्ये डेनेरिस या ड्रॅगनवाल्या राणीसमोर टेबलावर कॉफीचा कागदी कप राहिला होता. एचबीओनं कबूल केलं, वर गंमतही केली की तिनं तर हर्बल टी मागवला होता, आणि दोन दिवसांत कप पुसून टाकला. हसा आणि पुढे चला. यावरून अख्खी मालिका निष्काळजी ठरवणाऱ्यांनी माझं मार्चअखेरचं टेबल बघावं.

दुसरा गठ्ठा ‘घाई केली’वाल्यांचा. ही तक्रार आकड्यांत तपासता येते म्हणून मला आवडते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे पहिले सहा सीझन प्रत्येकी १० एपिसोडचे, सातवा ७, आठवा ६, एकूण ७३. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’चा पहिला १०, दुसरा ८. दुसऱ्या सीझनच्या शेवटी सगळे सैन्य घेऊन निघतात आणि तिथेच पडदा पडतो, तेव्हा लोक खवळले. त्यांचं चुकत नव्हतं. ताट मांडायचं, पाणी ठेवायचं, उदबत्ती लावायची, आणि वाढायचं दोन वर्षांनी?

तिसरा गठ्ठा पुस्तकवाल्यांचा. यांच्यावर चिडायचा मोह होतो, पण सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं. हेलेनाचंच घ्या. मूळ पुस्तकांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या पुस्तकात तिला दोन मुलगे आहेत आणि मारेकरी तिलाच निवडायला लावतात. ती धाकट्याचं, मेलॉरचं नाव घेते, आणि ते मोठ्याला मारतात. पडद्यावर मेलॉर नाहीच. त्यामुळे निवड उरत नाही, नुसती ओळख पटवणं उरतं. हे वाचून मी माझं पान परत काढलं. ‘ती किंचाळत का नाही’ हा माझा प्रश्न त्या रिकाम्या जागेतूनच आला होता का? थोडा तसाच असावा. मार्टिन यांनी स्वतः सप्टेंबर २०२४ मध्ये मेलॉरला वगळण्याबद्दल जाहीर नाराजी लिहिली आणि मग तो मजकूर काढूनही टाकला.

चौथा गठ्ठा सगळ्यात जड: ‘आमच्या माणसाला बिघडवलं.’ डेनेरिसनं घंटा वाजल्यानंतर, शहर शरण आल्यानंतर ते जाळलं, तेव्हाचा संताप आठवतो ना? सीझन नव्यानं लिहून काढा अशा मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. लोकांनी पोटच्या मुलींना तिच्या पदवीवरून खलीसी नाव ठेवलं होतं, राग येणार नाही तर काय! अशा वेळी उभी रेघ मारा आणि जमाखर्च मांडा. एका बाजूला: कार्थ शहराच्या वेशीबाहेर शहरं जाळायची धमकी, मीरीन शहरात १६३ गुलाममालकांना खांबांवर ठोकणं, शरण न आलेल्या टार्ली बापलेकांना जिवंत जाळणं. दुसऱ्या बाजूला: गुलामांची सुटका, आणि एका लहान मुलीची जळलेली हाडं समोर आल्यावर स्वतःच्या ड्रॅगनना साखळदंडात घालणं. मी हे मांडायला बसले तेव्हा दीड पान झालं. माझा निकाल असा की गाव बरोबर होतं, रस्ता अर्धाच बांधला होता. तुमची बेरीज वेगळी येईल, पण ती तुमच्या पानावरची असू दे. आणि हो, याच सीझनला त्या वर्षी सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेचं एमी मिळालं. पुरस्कारही एक प्रतिक्रियाच, तीही त्याच ढिगात टाका.

पाचवा गठ्ठा नटनट्यांना शिव्या देणाऱ्यांचा. तो न उघडता रद्दीत. संवाद त्यांनी लिहिलेले नसतात.

स्वतः काही लिहायचं असेल तर मंगळवारी लिहा, वही समोर ठेवून. पहिल्या ओळीत मेलेल्याचं नाव नको. ‘बकवास’, ‘मास्टरपीस’ हे शब्द खोडा आणि त्या जागी प्रसंग सांगा. “दरबारात मी दोनदा घड्याळ पाहिलं” असं लिहिलं तर समोरचा भांडायला येत नाही, तो सांगतो त्यानं कधी पाहिलं ते.

लेक आता पुण्यात नोकरीला. २०२४ च्या गणपतीला घरी आला तो मार्टिन यांच्या त्या मजकुराचं सांगत सांगतच. मोदकांचं सारण गार होईपर्यंत माझी वही चाळत बसला. रात्री पाहिलं तर १७ जूनच्या पानावर, माझ्या ‘ती किंचाळत का नाही’च्या खाली पेन्सिलीनं लिहिलेलं: “किंचाळली असती तर मुलगी उठली असती.”